कापलेल्या पायांची खुर्ची

आमच्या बुऱ्हाणपुरात लग्न कोणाचंही असो, पाटलांचं, मोमिनांचं, सिंध्यांचं की सरदारजींचं, एक गोष्ट हटकून दिसते. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप शेजारी-शेजारी, एकाच उंचीच्या, जरा बुटक्याच खुर्च्यांवर बसलेले असतात, आणि ते दोघं टेकल्याशिवाय पुढचं काही सुरू होत नाही. बाहेरगावचा पाहुणा विचारतो, ही काय रीत? मग कोणीतरी जाणकार सांगतो की ही सिंधमधली जुनी चाल, फाळणीनंतर इकडे आलेल्या लोकांनी सोबत आणली. जन्मभर शाळेत मास्तरकी केलेला मी हे उत्तर ऐकून प्रत्येक वेळी मान डोलवत आलो. आता वय इतकं झालंय की मान आपोआपच डोलते, म्हणून म्हटलं, निदान लिहून तरी खरं सांगावं. ही रीत सिंधमधून आलेली नाही. ती राजपुऱ्याच्या दरवाज्याजवळच्या एका नालीतून आली, आणि तिला त्या नालीत पाडणारा मी होतो.

आम्ही राहायचो सिंधीपुऱ्यात. हे नाव शेकडो वर्षांचं, फाळणीत सिंधमधून आलेले लीलाराम काका इथं यायच्या कितीतरी आधीचं. ते नेहमी म्हणायचे, "बघ, मी यायची आधीच कोणीतरी माझी पाटी लावून ठेवला." आमच्या दोन खोल्यांच्या घराला एका बाजूने हातमाग, दुसऱ्या बाजूने नंतर आलेले विजेचे माग, त्यामुळे आमचं सगळं बालपण खटखट-खटखट या तालावर झालं. माग बंद पडले की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं? कोणी मेलं का?" बाबा कागदाच्या कारखान्यात होते. गाडीने जायचे, गाडीने यायचे, आणि मधला सगळा वेळ यंत्रापाशी उभे असायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांचे पाय सुजून केळीच्या खोडासारखे झालेले असत. आई ओवा टाकून तेल गरम करायची आणि ताई ते पोटऱ्यांना चोळायची. त्या तेलाचा वास, चुलीवर भाजल्या जाणाऱ्या वांग्याचा वास आणि शेजारच्या सुताच्या खळीचा आंबूस वास, हे तिन्ही एकत्र आले की माझ्या मनात अजून संध्याकाळ होते, मग बाहेर टळटळीत दुपार का असेना.

लीलाराम काकांचं फर्निचरचं दुकान राजपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. आले तेव्हा दरवाज्याच्या सावलीत सुतळीच्या खाटा विणून विकायचे. मी शाळेत जाऊ लागलो तोवर पक्कं दुकान झालं होतं. पुढे फळकुटाचं लांब बाकडं, आत पलंग, कपाटं, आरशाची टेबलं, आणि मध्यभागी कड्यांना टांगलेला मोठा लाकडी झोपाळा, जो विकायचा नव्हता. त्यावर ते स्वतः बसायचे. झोपाळा पुढे गेला की हिंदी बोलायचे, मागे आला की सिंधी, असं माझा शाळेतला दोस्त युसुफ म्हणायचा. मराठी ते बोलायचे ती तिसरीच काही होती. "वसंता पुट, तुझा आई कशी आहे? माझी दुकानात पाठव, नवी पाट आली." पुट म्हणजे त्यांच्या बोलीत पोरगा. आईला हसू आवरायचं नाही. पण त्यांच्या मराठीला हसणाऱ्या आम्हा सर्वांपेक्षा त्यांना आम्ही जास्त नीट कळत होतो, हे मला फार उशिरा समजलं.

दुकानात कोणी पाऊल टाकलं की आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा गिलास पुढे यायचा. घ्यायला आला असो की नुसता ऊन चुकवायला. आई पहिल्यांदा गेली तेव्हा पापडाला हातच लावेना. "खाल्ला म्हणजे पलंग गळ्यात मारतील," ती माझ्या कानात पुटपुटली. काकांनी ऐकलं. म्हणाले, "बहेनजी, पापड खा, पलंग नको घेऊ. पलंग पळून नाही जाणार, पापड नरम होईल." आईने पापड खाल्ला, मिऱ्याचा ठसका लागला, पाणी प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी काकींसाठी डबाभर कळण्याच्या भाकरी आणि भरीत पाठवलं. काकींनी डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात कोकी, म्हणजे त्यांची कांदा घातलेली जाड पोळी, भरून पाठवली. आईनेही रिकामा डबा परत करणं पाप मानलेलं. तो पितळी डबा मग वर्षानुवर्षं आमच्या आणि त्यांच्या घरात फिरत राहिला. मुळात तो कोणाचा होता हे पुढे दोन्ही बायका विसरल्या आणि त्यावरून लटकं भांडायच्यासुद्धा. पण दोघींचाही आग्रह एकच, डबा समोरच्या घरचा आहे.

माणूस कसा बसतो ते आधी बघावं आणि मग त्याला सामान दाखवावं, हे काकांचं दुकानदारीचं सगळं शास्त्र. आमच्यासाठी पाट आणि चौरंग, मोमिनांच्या घरी बैठकीसाठी रुंद तख्त, बोहऱ्यांच्या मोठ्या थाळाखाली ठेवायची तिवई, गुरुद्वाऱ्यात जोडे ठेवायच्या फळ्या. हे सगळं एकाच दुकानात, काकांचे सुतार उस्मान मिस्त्रींच्या हातचं. बाहेरच्या बाकड्यावर हकीमसाहेब, मागवाले, शाहपुरचे केळीवाले शेतकरी असे सगळे एकमेकांना सरकवत बसायचे. जागा कमी पडली की काका ओरडायचे, "सरको साईं, सरको, लाकूड आहे, रबर नाही!" गावातल्या लोकांना एकमेकांच्या घरी चहा प्यायला जी अडचण वाटायची, ती त्या बाकड्यावर पापड खाताना वाटत नसे.

ताईचं लग्न शाहपुरला ठरलं. स्थळ चांगलं, केळीच्या मोठ्या बागा, मुलगा शांत. व्याही सुकदेव पाटील मात्र मानपानाचे. त्या काळी आमच्यात मुलीच्या बापाने वरपक्षासमोर बसायचं नाही. हात जोडून मांडवात उभं राहायचं, शेवटची पंगत उठेपर्यंत. बाबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ताईला वाटत होतं. एका संध्याकाळी त्यांचे पाय चोळता चोळता ती म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात तुम्ही बसाल ना?"

"वेडी का काय. मुलीचा बाप बसतो का कुठी?"

"मग मला हे लग्न तुमच्या पायांवर उभं राहून करायचं नाही."

"कारखान्यात रोज उभा राहतो, तुझ्यासाठी एक दिवस जास्त राहीन." बाबा हसले. ताई हसली नाही. ती तेलाची वाटी घेऊन आत गेली, आणि लग्नाच्या तयारीत तिने त्यानंतर स्वतःसाठी काही मागितलं नाही.

पाटलांची एक मागणी होती. मांडवात त्यांच्यासाठी उंच, नक्षीची खुर्ची हवी. ती पसंत करायला ते स्वतः बाबांबरोबर आणि माझ्याबरोबर काकांच्या दुकानी आले. मोरांची पाठ असलेली सागवानी खुर्ची निवडून तिच्यावर चढले. चढले हाच शब्द बरोबर आहे, कारण पाटील उंचीने बेताचे आणि पोटाने भरलेले, त्यामुळे बसल्यावर त्यांची पावलं जमिनीपासून चांगली वर लोंबकळत होती. खुर्चीत ते मिशीला पीळ देत होते आणि खाली जोडे हवेत हलत होते. काका झोपाळ्यावरून बघत होते. "शोभतात पाटीलसाहेब, एकदम राजा," म्हणाले, आणि पापड पुढे केला. खुर्ची विकत नको, लग्नापुरती न्या, असं त्यांनीच बाबांना सांगितलं.

लग्नाच्या आदल्या दुपारी ती खुर्ची घरी आणायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा नुकता मॅट्रिक झालेलो, अंगात भलताच रुबाब. सोबत युसुफ आणि एक हातगाडी. खुर्ची गाडीवर नीट बांधून आणायची एवढंच काम. पण दरवाज्याजवळ येताच युसुफ म्हणाला, "बादशाहचं शहर आहे, आणि सिंहासन रिकामं जातंय, बरं दिसतं का?" मला तेवढंच पुरे होतं. दोरी सोडून मी खुर्चीवर बसलो. युसुफ गाडी ढकलत ओरडायला लागला, "हटो, हटो, सिंधीपुऱ्याच्या नवाबांची स्वारी येतेय!" दुकानदार हसले, मी हात उंचावून सलाम घेतले. समोरून केळीचे घड भरलेली बैलगाडी आली, बैल बिचकले, युसुफने गाडी बाजूला घेतली आणि एक चाक थेट नालीत. मी केळीच्या घडांवर पडलो म्हणून वाचलो. खुर्ची दगडावर पडली. मागचा एक पाय खालून वीतभर तुटून नालीच्या पाण्यात तरंगत होता.

आम्ही ती उलटी करून, वर युसुफचा सदरा झाकून दुकानात आणली. युसुफ खरं सांगायला तयार होता. मी मात्र येता येता, गाडीवाल्याने धक्का दिला असं काहीतरी रचून ठेवलं होतं. काकांनी माझ्या विजारीवरचा केळीचा चीक बघितला आणि रचलेलं सगळं माझ्या घशातच राहिलं. "मी बसलो होतो," म्हणालो आणि रडायला लागलो. बाबांना कळलं तर, पाटलांना कळलं तर, ताईचं लग्न मोडलं तर.

उस्मान मिस्त्रींनी पाय उलटसुलट करून बघितला. "खुंटी घालून तासाभरात जोडतो सेठ. कोणाला दिसणार नाही."

काका झोपाळ्यावर बसले. झोपाळा हलत नव्हता. मला विचारलं, "वसंता, पाटील तर या खुर्चीवर. तुझा बाबा कुठे बसणार?"

"बाबा बसणार नाहीत. ते उभे राहणार."

"किती वेळ?"

"सगळं होईपर्यंत."

"त्याची पाय तर..." काकांनी आपल्या पोटरीवर हात ठेवला. बाबा रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानावरूनच पाय ओढत घरी यायचे. मग ते मिस्त्रींकडे वळले. "जोडू नको. बाकीचे तीन काप."

"सेठ!" मिस्त्रींच्या हातातून पाय पडला. "मोरांच्या खुर्चीचे पाय कापू?"

"काप. आणि या उंचीची दुसरी एक काढ."

करवत चालायला लागली तेव्हा मला वाटलं, ती माझ्याच मानेवर चालतेय. युसुफ भुसा चिमटीत घेऊन म्हणाला, "जिलेबीच्या माव्यासारखा दिसतो." मी त्याला लाथ मारली.

दुसऱ्या दिवशी मांडवात दोन खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या. एक मोरांची, एक साधी. दोन्ही सारख्या बुटक्या. पाटील आले, खुर्ची बघून थबकले. "ही ती खुर्ची नाही."

बाबांचा चेहरा उतरला. ते हात जोडून पुढे झाले. दाराआड मुंडावळ्या बांधलेली ताई उभी होती, ती त्यांच्याकडेच बघत होती. मी खांबामागे. तेवढ्यात काका आले, डोक्याला गुलाबी फेटा, हातात पापडांचं ताट. लग्नात पापडांचं ताट घेऊन येणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला.

"पाटीलसाहेब, तीच आहे. मी कापली."

"कापली?"

"आमच्या सिंधमध्ये रीत आहे. दोन्ही समधी बराबर बसतात. एक बसला, एक उभा, तर लग्न कसा होतो? तीन पायाच्या खुर्चीसारखा. डुलतो." त्यांनी हाताने डुलवून दाखवलं. बायका हसल्या. तीन पाय ऐकताच मी खांबामागे आणखी सरकलो. "बसून तर बघा. नाही आवडली तर मी तुम्हाला झोपाळ्यासकट दुकान देतो."

पाटील बसले, बहुधा नाही म्हणायलाच बसले. आणि त्यांची दोन्ही पावलं जमिनीला टेकली. त्यांनी खाली बघितलं. जोडे जरा इकडेतिकडे घासून पाहिले. जन्मभर मानाच्या खुर्च्यांवर लोंबकळलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं ते मी आजवर विसरलेलो नाही. मिशीला पीळ देऊन त्यांनी शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. "या व्याही. बसा. लग्न डुलायला नको."

बाबा बसेनात. "राहू द्या, मी उभाच बरा..."

"अहो बसा म्हणतो ना! माझी रीत नसली तर काय झालं, शेठची आहे. आणि खुर्ची फक्कड आहे हो!"

बाबा बसले. हळूच, जणू खुर्ची तापलेली आहे. मग मागे टेकले. घरात, दाराआडून, ताई मोठ्याने हसली. नवरीने हसायचं नसतं, पण आईनेही तिला दटावलं नाही, कारण ती स्वतः पदराने डोळे पुसत होती. वाजंत्र्यांनी आपणहूनच वाजवायला सुरुवात केली. त्या दिवशी बाबांनी बसल्या जागेवरून सगळ्यांना वाढायला सांगितलं, मावा जिलेबीचा आग्रह केला, पाटलांशी केळीच्या भावावरून वाद घातला. त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. शेवटच्या पंगतीला दोन्ही व्याह्यांनी मिळून काकांचे पापड संपवले.

पुढच्या लगीनसराईत शाहपुरच्या एका पाटलाने त्या दोन खुर्च्या मागून नेल्या. मग युसुफच्या वडिलांनी त्याच्या बहिणीच्या निकाहला. मग एका सरदारजींनी. आई म्हणाली खुर्ची रिकामी परत करू नये, म्हणून आम्ही तिच्यावर दराब्याचं, म्हणजे आमच्याकडच्या रव्यातुपाच्या मिठाईचं, ताट ठेवून परत केली होती, तर तेही सगळे करायला लागले. लग्नाच्या दिवसांत काकांच्या दुकानात लाकडाच्या वासापेक्षा मिठाईचा वास जास्त यायचा.

इथपर्यंतची गोष्ट मी नातवंडांना पुष्कळदा सांगितली आहे, नालीचा भाग वगळून. आता जे कधी सांगितलं नाही ते. खुर्ची परत नेताना माझ्या मामांनी ती उलटी केली आणि ताजे कापलेले पाय बघितले. त्यातला एक तुटका, खरबरीत. मामांचं तोंड म्हणजे चौकातला भोंगा. "रीत कसली! मोडकी खुर्ची कापून खपवली सिंध्यानं." आठवडाभरात गावात नाव पडलं, कटपाया सेठ. लोक खुर्ची घेताना उलटी करून वितीने पाय मोजायला लागले. गल्लीतली पोरं दुकानावरून जाताना लंगडत जायची आणि फिदीफिदी हसायची. त्यांत कधी कधी मीही होतो. लंगडत नव्हतो, पण हसत होतो, कारण न हसलो असतो तर कोणी विचारलं असतं का हसत नाहीस म्हणून.

एकदा माझ्यादेखत एक शेतकरी खुर्ची उलटी करून वीत टाकत होता. काका झोपाळ्यावरून म्हणत होते, "मोज साईं, मोज, तुझी वीत मोठी आहे, तू फायद्यात राहशील." मला राहवलं नाही. मी तोंड उघडलं. काकांनी पापडाचा मोठा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. शेतकरी गेल्यावर म्हणाले, "आता ती फक्त तुझा मामाची बात आहे. तू बोलला तर पाय तुझा होईल. मग रीत कोणाची राहील? कोणाचीच नाही. मग तुझा बाप परत उभा राहील, सगळ्यांचा बाप उभा राहील. मला लंगडा म्हणाले तर माझी काय जाते? मी तर बसलोय."

हे ऐकून मला मोकळं वाटलं, आणि त्याचीच मला आज लाज वाटते. गप्प राहायला त्यांनी मला एक चांगलं कारण दिलं. पण मी आधीच गप्प होतो, तेव्हा कारण बिरण काही नव्हतं, नुसती भीती होती. काका गेले तेव्हाही स्मशानात कोणीतरी मागे हळूच म्हणालं, कटपाया सेठ गेले. मी मागे वळलो नाही.

या वर्षी माझ्या नातीचं लग्न झालं. खुर्च्या अर्थातच काकांच्याच दुकानातून आल्या. मोरांची खुर्ची अजून आहे, पॉलिश करून करून काळीभोर झालेली. सोबत काकांची मुलगी मोहिनीबाई आल्या. माझ्याच वयाच्या, कमरेत वाकलेल्या, आवाज मात्र वडिलांचा. निवेदकाने माइकवरून ती सिंधची जुनी परंपरा वगैरे सुरू केलं, आणि मी उठलो. त्याच्या हातातून माइक घेतला. सगळं सांगितलं. नाली, हातगाडी, केळीचे घड, तुटलेला पाय, मामा, कटपाया सेठ, माझं हसणं. म्हटलं, लीलाराम काकांनी मोडकी खुर्ची कोणाला खपवली नाही. ती मी मोडली. आणि अशी कुठली रीत सिंधमध्ये नव्हती, त्यांनी ती आमच्यासाठी रचली.

पहिल्या रांगेत ताई होती, शाहपुरहून आलेली. ती म्हणाली, "बरं झालं मोडलीस," आणि डोळे मिटून हसत राहिली.

मोहिनीबाई मात्र काठी टेकत माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता एवढ्या वर्षांचा हिशेब होणार. त्या म्हणाल्या, "मास्तर, टांग तुम्ही तोडली, ती गोष्ट मानली. बाबांना लंगडा म्हणाले, त्यात तुम्ही हसले, तेही ऐकलं. पण रीत नव्हती म्हणता? माझ्या मुलांची लग्नं अशीच झाली. नातवांची अशीच झाली. नागपूर, इंदूर, उल्हासनगर, आमचे सगळे लोक आता असंच करतात. माझे बाबा खोटं नव्हते बोलत."

"पण मोहिनीबाई, मी तिथं होतो..."

"तुम्ही नालीत होता." सगळा मांडव हसला. "रीत आमचीच आहे. बसा आता, व्याही थांबलेत."

दोन्हीकडच्या बापांनी बसायचा मान आम्हा आजोबांना दिला होता, आणि मुलाचे आजोबा साध्या खुर्चीवर आधीच बसले होते. मोरांची खुर्ची रिकामी होती. नालीच्या त्या दिवसानंतर मी तिच्यावर कधी बसलो नव्हतो. आताही मी म्हणालो, राहू द्या, मी उभाच बरा, आणि बोलून गेल्यावर लक्षात आलं की हे शब्द बाबांचे आहेत. मोहिनीबाईंनी काठीने खुर्चीचा पाय ठोकला, तोच, मागचा. मग पिशवीतून पापड काढून माझ्या हातात दिला.

मी बसलो. दोन्ही पावलं जमिनीला टेकली. वाजंत्री सुरू झाली.